नवा कन्व्हर्टर, जुनाच दिवा

पेणपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गॅरेजात तासभर बसलं, तर हा प्रश्न कानावर पडण्याची शक्यता दांडगी : "सायलेन्सर नवा टाकला, पिकअप परत आला, गाडी झकास पळतेय. मग इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा का लागला?" त्याच्या मागून दुसरा प्रश्न दबकत येतो : मेकॅनिकने गंडवलं तर नाही?

गंडवलं असेलही. पण बहुतेक वेळा गंमत वेगळीच असते. हा दिवा सायलेन्सरमधून किती धूर येतो ते सांगतो, अशी आपली समजूत असते. धूर मोजण्याचं कुठलंही यंत्र गाडीत नसतं. मग दिवा नेमकं काय पाहून पेटतो, हे कळलं की कुठे शोधायचं ते कळतं आणि पैसे वाचतात. या प्रकरणात फक्त पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा विचार आहे. डिझेलच्या धुराड्याची रचना निराळी असते.

१. बाजारातला कन्व्हर्टर बसवायची वेळ का येते?

सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा एक डबा असतो, तोच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. किनाऱ्यावर तो बदलण्याचं पहिलं कारण गंज. अलिबाग, मुरूड, दिवेआगर इथली हवा वर्षभर खारी, त्यात चार महिने पाऊस. वाळूवर गाडी नेण्याची हौस वेगळीच. भरतीच्या पाण्यात रुतलेली पर्यटकांची गाडी ट्रॅक्टरने ओढून काढायचा प्रसंग इथे नवा नाही. ओढून काढलेल्या गाडीला गोड्या पाण्याने खालून धुवायला मात्र कुणी थांबत नाही.

दुसरं कारण चोरी. २०२१च्या मार्चमध्ये रोडियम या धातूचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या वर गेला होता. हा धातू कन्व्हर्टरमध्ये असतो. त्याच सुमारास महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात गायब होऊ लागले आणि पोलिसांनी टोळ्याही पकडल्या. इको जमिनीपासून उंच, खाली सरकून नटबोल्ट काढायला सोपी, आणि रात्री रस्त्याच्या कडेला उभी. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या, पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्या माणसाला मूळ कंपनीचा भाग परवडत नाही. तो बाजारातला स्वस्त भाग घेतो, आणि आपल्या प्रश्नाची सुरुवात तिथे होते.

खरेदी करताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. बोलताना आपण सगळ्या धुराड्यालाच सायलेन्सर म्हणतो. दुकानदाराने दिलेल्या सायलेन्सरच्या पुढच्या डब्यात कन्व्हर्टर आहे की नुसतीच पोकळ नळी, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पत्रा अस्सल आहे का ते पाहण्याची लोहचुंबकाची परीक्षाही इथे निरुपयोगी आहे. धुराड्यासाठी वापरलं जाणारं चांगलं स्टेनलेस पोलादही बरेचदा चुंबकाला चिकटतं, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणजे माल हलका, असं होत नाही.

२. डब्यात काय असतं?

पत्र्याच्या डब्यात चिनी मातीच्या जातीचा एक ठोकळा असतो. त्यातून आरपार जाणाऱ्या बारीक चौकोनी नळ्या असतात, चौरस इंचाला साधारण चारशे. या नळ्यांच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचे अतिसूक्ष्म कण. इंजिनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांना ऑक्सिजन देऊन जाळायचं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून ऑक्सिजन काढून घ्यायचा, अशी परस्परविरोधी दोन्ही कामं हा डबा एकाच वेळी करतो. त्यासाठी तो तापलेला हवा. अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास त्याला जाग येते. त्याआधी तो नुसताच डबा.

भारतात नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १ एप्रिल १९९५ पासून, आधी मुंबईसह चार महानगरांत. त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं, कारण शिशाचा थर बसला की हे कण कायमचे निकामी होतात. देशभर फक्त शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं १ फेब्रुवारी २००० पासून.

डब्यात आणखी एक पदार्थ असतो, ज्याचं नाव सहसा कुणी घेत नाही : सीरियम ऑक्साइड. तो ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो. आपल्या दिव्याची सगळी कथा या साठ्याभोवती फिरते.

३. दिवा काय पाहतो?

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते. गाडीतला संगणक हे प्रमाण तंतोतंत धरून ठेवत नाही. तो सतत थोडं जास्त, थोडं कमी असा झुलत राहतो. कन्व्हर्टरच्या आधी धुराड्यात एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो, तो हा झोका पाहतो. इंधन जास्त झालं की साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की ०.१ व्होल्ट, असा त्याचा आकडा खालीवर नाचतो. कन्व्हर्टरच्या नंतर दुसरा सेन्सर असतो. त्याने मात्र शांत राहायचं असतं, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास.

दुसरा शांत का? गावातल्या नळाला पाणी कधी धो धो येतं, कधी जातं. पण गच्चीवर टाकी असेल तर स्वयंपाकघरातला नळ एका धारेने चालतो, कारण चढउतार टाकी पचवते. सीरियमचा साठा म्हणजे ही टाकी. टाकी फुटली किंवा फारच लहान निघाली, तर स्वयंपाकघरातला नळही रस्त्यावरच्या नळासारखाच फुसफुसायला लागतो. संगणक तेवढंच पाहतो : मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला का?

गरम इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर स्थिर धरलं आणि पुढच्या सेन्सरने दहा झोके घेतले, असं समजा. तेवढ्या वेळात मागच्याने एखादाच संथ झोका घेतला, तर कन्व्हर्टर ठणठणीत. मागच्यानेही आठ घेतले, तर डबा ऑक्सिजन साठवत नाही. मग संगणक 'पी ०४२०' हा कोड लिहून ठेवतो. त्याचा अर्थ एवढाच : कन्व्हर्टरची क्षमता ठरलेल्या मर्यादेखाली दिसतेय. दिसतेय, आहेच असं नव्हे. (बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो. तो असा नाचत नाही. अशा गाडीत फक्त मागच्याचा आकडा पाहावा.)

बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये महाग धातू तर कमी असतातच, सीरियमही कमी असतो. म्हणजे धूर बऱ्यापैकी साफ करूनही तो या परीक्षेत नापास होऊ शकतो.

४. पण पीयूसी तर पास झाली!

हा युक्तिवाद गॅरेजात नेहमी ऐकू येतो आणि ऐकायला बिनतोडही वाटतो. पीयूसी केंद्रावर उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना मंद गतीवर ०.३ टक्के आणि २०० पीपीएम अशा मर्यादा आहेत. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. म्हणजे ज्या कामासाठी रोडियम घालावा लागतो त्या कामाची पीयूसीत विचारणाच नाही. शिवाय इंजिन निरोगी असेल तर मरायला टेकलेला कन्व्हर्टरही उभ्या गाडीत ही मर्यादा पाळून दाखवतो. पीयूसी आणि दिवा एकमेकांविरुद्ध साक्ष देत नाहीत. दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

दिव्यामागची ही देखरेख, म्हणजे ओबीडी-२, आपल्याकडच्या मोटारींना एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्याआधीच्या गाडीत मागचा सेन्सर असेलच असं नाही. नसेल तर हा कोड येणारही नाही.

५. आधी कोड, मग पाना

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय एकही नट सैल करू देऊ नये. साधा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्त मिळतो आणि मोबाइलवर चालतो.

कधी कधी प्रकरण इथेच मिटतं. नवा भाग बसवला, पण जुना कोड पुसलाच नाही. तो पुसून गाडी चालवायची. दिवा लागला नाही तर खर्च शून्य.

'पी ०४२०' न निघता पी ०१३६ ते पी ०१४१ यांपैकी काही निघालं, तर तक्रार मागच्या सेन्सरची किंवा त्याच्या वायरीची आहे, कन्व्हर्टरची नाही. पी ०१४१ म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या हीटरचा दोष. त्यात आधी फ्यूज पाहावा. पी ०१७१ निघाला तर हवा कुठून तरी जास्त शिरतेय किंवा इंधन कमी पडतंय. पी ०३०० किंवा पी ०३०१ ते ०३०४ निघाले तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, आणि मग बाकी सगळं सोडून तेच आधी धरायचं.

दिवा नुसता पेटलेला असेल तर घरी जाऊन शांतपणे पाहता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय, ताबडतोब वेग कमी करून थांबावं. न जळलेलं पेट्रोल गरम कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतला ठोकळा अक्षरशः वितळतो. कालच बसवलेला नवा कन्व्हर्टर असा वडखळपर्यंत जाईस्तोवर संपू शकतो.

६. किनाऱ्यावरचे नेहमीचे गुन्हेगार

बाजारातला कन्व्हर्टर बसवल्यावर सगळ्यात जास्त संशय घ्यावा तो गळतीचा. फ्लँजमधलं पॅकिंग जुनंच वापरलेलं असतं, गंजलेला बोल्ट अर्ध्यावर तुटलेला असतो, किंवा वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक राहिलेलं असतं. धुराड्यातून धूर बाहेर येतो एवढंच आपण धरतो. पण धूर ठोके देत येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर दाब उतरतो. त्या क्षणी भोकातून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक 'इंधन कमी पडतंय' असं समजून पेट्रोल वाढवतो. अॅव्हरेज पडतं, कन्व्हर्टर नको तितका तापतो, आणि दोष मात्र निरपराध डब्यावर येतो.

ही गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. सकाळी गार इंजिन सुरू करायचं, एकाने मागच्या नळीवर जाड ओलं फडकं काही क्षण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. फुगे आले तिथे गळती. हे मोकळ्या जागेतच करावं, बंद शेडमध्ये कधीही नाही.

दुसरा गुन्हेगार सेन्सरचा कनेक्टर. खाऱ्या हवेने तांब्याच्या पिनांवर हिरवा थर चढतो. व्होल्टचे दशांश मोजणाऱ्या वायरीत तेवढा थरही आकडा बिघडवतो. त्यावर आपल्याकडचा हमखास उपाय म्हणजे ग्रीस भरणं. तो इथे घातक आहे. अनेक ऑक्सिजन सेन्सर तुलनेसाठी बाहेरची हवा घेतात, आणि ती हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतून कनेक्टरकडून आत येते. कनेक्टर ग्रीसने किंवा स्प्रेने बुजवला की सेन्सर गुदमरतो आणि चुकीचं सांगू लागतो. पिना कोरड्या घासून स्वच्छ करायच्या, रबरी सील बदलायचं, बस.

असंच नुकसान पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला काळं ऑइल किंवा कोटिंग मारताना होतं. पत्र्याला ते हवंच, याबद्दल वाद नाही. पण फवारणी करणाऱ्या पोराला सेन्सर, त्याची वायर आणि कन्व्हर्टर झाकून घ्यायला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो सगळंच सारखं काळं करतो. सांध्यांवर सिलिकॉनचा लेप लावणाराही असाच. साध्या सिलिकॉनच्या वाफा सेन्सरच्या टोकावर पांढरट थर चढवतात.

तिसरा प्रकार फक्त बाजारातल्या भागांतच दिसतो : सेन्सरची चुडी चुकीच्या जागी वेल्ड केलेली. सेन्सर नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश वर हवा. खालच्या बाजूला लावला तर सकाळी नळीत साचलेलं पाणी गरम सेन्सरवर उडतं आणि आतली सिरॅमिक तडकते. लहान लहान फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत असं पाणी साचतंच.

७. जुन्याला कशाने मारलं?

हा प्रश्न विचारला जात नाही म्हणून माणसं एका वर्षात दोन कन्व्हर्टर विकत घेतात. कन्व्हर्टर क्वचितच आपल्या मरणाने मरतो. इंजिन ऑइल पीत असेल, तर त्यातली रसायनं ठोकळ्यावर बसतात. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल, तरी तेच. मिसिंग असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे वितळतो. चोरीला गेलेल्या किंवा बाहेरून गंजलेल्या डब्याची गोष्ट निराळी, तिथे इंजिन बहुधा निर्दोष असतं.

स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' म्हणून एक आकडा दिसतो. संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी घालतोय, ते तो सांगतो. उणे-अधिक पाच-सात टक्के चालतात. समजा, मंद गतीवर +१८ दिसतो आणि २५०० फेऱ्यांवर +३ वर येतो. म्हणजे इनटेकच्या रबरी नळीत चीर आहे, कारण कमी हवा आत जात असताना चिरेतून शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. दोन्हीकडे +१८ च राहिला तर इंधनाचा दाब, इंजेक्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर पाहायचा. पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्यामुळे जुन्या गाडीत हा आकडा तीन-चारने आपोआप वाढलेला असू शकतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं. त्या तीन-चारला बिघाड समजू नये.

इतकं सगळं तपासून काहीच सापडलं नाही आणि मागचा सेन्सर तरीही नाचतोय, तर मग खरोखर नवा कन्व्हर्टरच कमी पडतोय. गार असताना रबरी हातोडीने हलकेच वाजवून पाहावा. आत खुळखुळ आवाज आला तर ठोकळा फुटला आहे. तापलेला कन्व्हर्टर गुडघाभर पाण्यात शिरला की असं होतं. काही मेकॅनिक डब्याच्या पुढचं आणि मागचं तापमान बंदुकीसारख्या थर्मामीटरने मोजतात आणि मागचं जास्त निघालं की पास ठरवतात. आजच्या स्वच्छ जळणाऱ्या इंजिनांत हा फरक फार कमी पडतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये.

दुकानदाराशी भांडायला जाताना गाडीचा बीएस टप्पा आणि इंजिनची क्षमता सांगावी. बीएस-६ गाडीला बीएस-४ चा कन्व्हर्टर नळीच्या मापात चपखल बसतो आणि परीक्षेत नापास होतो. हे फसवणुकीपेक्षा अज्ञानाने जास्त घडतं, असं माझं मत आहे. बिलावर टप्पा लिहून घेतलेला असेल तर भाग बदलून मागता येतो.

८. दिवा गप्प करण्याचे आडमार्ग

मागचा सेन्सर एका लांब नळकांड्यावर चढवून धुराच्या प्रवाहापासून दूर ठेवला, की त्याचा नाच मंदावतो आणि दिवा विझतो. कुणी संगणकातून ती तपासणीच काढून टाकतं. दोन्ही गोष्टी स्वस्तात होतात आणि सर्रास होतात. कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली प्रदूषणाच्या गुन्ह्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन निलंबित, अशी तरतूद आहे. पण माझी हरकत कायद्यापेक्षा साधी आहे. उद्या मिसिंगने डबा वितळून तुंबला तर तो कमजोर पडत चालल्याची खबर आधी मिळणार नाही. आणि इकोसारख्या गाडीत इंजिन पुढच्या आसनांखाली असतं. कन्व्हर्टरच्या जागी पोकळ नळी आणि गळका सांधा एकत्र आले की वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड काचा बंद केलेल्या गाडीत शिरू शकतो, आणि मागे शाळेची मुलं बसलेली असतात.

९. विझलेला दिवा खरोखर विझला का?

कोड पुसला की दिवा लगेच जातो. याचा अर्थ परीक्षा नव्याने सुरू झाली, एवढाच. कन्व्हर्टरची तपासणी व्हायला इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि काही मिनिटं एकाच मध्यम वेगाने गाडी चालायला हवी. बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत दोष दिसला तरच दिवा लागतो. कोड न पुसता दुरुस्ती केली, तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून जातो, आणि आठवणीतला कोड पुसायला इंजिन चाळीस वेळा गार होऊन तापावं लागतं.

रायगडच्या किनाऱ्यावर इथेच घोळ होतो. मांडवा जेट्टी ते बंगला, बंगला ते बाजार, एवढंच फिरणाऱ्या गाडीची ही तपासणी आठवडेच्या आठवडे पूर्ण होत नाही. रेवदंडा-मुरूड रस्त्यावर वळणं आणि वाड्या इतक्या की एक वेग धरताच येत नाही. मग मालक समजतो, काम झालं. महिन्याने पुण्याला जायला निघतो, द्रुतगती मार्गावर गाडी पहिल्यांदाच नीट स्थिर चालते, तपासणी पूर्ण होते आणि खंडाळ्याच्या पुढे दिवा लागतो. मालकाला वाटतं घाटाने गाडी बिघडली.

म्हणून गॅरेजवाल्याचे पैसे देण्यापूर्वी एक फेरी मारावी. सकाळी गार गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं उभी ठेवायची, पेणच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर रस्ता मोकळा मिळेल तिथे साठच्या आसपास वेग दहा-पंधरा मिनिटं स्थिर धरायचा, मग ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू द्यायचा. परत येऊन स्कॅनरवर 'कॅटॅलिस्ट मॉनिटर' या ओळीसमोर काय लिहिलंय ते पाहायचं. 'पूर्ण' अशा अर्थाचा शब्द दिसला आणि वाट पाहणारा ('पेंडिंग') एकही कोड नसला, तर बिल चुकतं करायला हरकत नाही. 'अपूर्ण' असेल तर दुसऱ्या दिवशी तीच फेरी पुन्हा.